ओफीर, सोपारा आणि लिक्सलिप

आपल्या समाजात जेव्हा जेव्हा पूर्वजांचा विषय निघतो, तेव्हा कोणी ना कोणी वडीलधारी व्यक्ती हमखास सांगते की, "शलोमो हामेलेख यांची गलबते ज्या ओफीरला जात होती ते ओफीर म्हणजे आपले सोपारा, आणि त्या गलबतांबरोबरच आपले पूर्वज कोकणात आले." हे ऐकावयास गोड वाटते. मुलाबाळांच्या मनावरही त्याचा चांगला परिणाम होतो. परंतु ज्या गोष्टी आपण पुढील पिढीच्या हाती देणार, त्या एकदा तपासून पाहणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून या लेखात ओफीरच्या शोधाची हकीकत थोडक्यात देण्याचे योजिले आहे. ही हकीकत एखाद्या साहसकथेइतकीच रंजक आहे, आणि एका जगप्रसिद्ध साहसकथेचा तिच्याशी निकटचा संबंधही आहे.

प्रथम पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात असे आले आहे की, शलोमो राजाने तांबड्या समुद्राच्या काठी एस्योन-गेबेर येथे गलबते बांधविली. सोरचा राजा हीराम याने आपले अनुभवी खलाशी दिले. ही गलबते ओफीरला गेली आणि तेथून ४२० किक्कार सोने घेऊन आली. आजच्या हिशेबाने हे सोने सुमारे १४ टन भरेल. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हाच आकडा ४५० दिला आहे. पुढील अध्यायात ओफीरहून आलेल्या अलमुग लाकडाचा आणि मौल्यवान रत्नांचा उल्लेख आहे. तार्शीशची गलबते दर तीन वर्षांनी सोने, रुपे, हस्तिदंत, वानरे आणि मोर घेऊन येत असत असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. मात्र ओफीर कोणत्या दिशेला आहे, तेथे जावयास किती दिवस लागतात, तेथील लोक कोण, याविषयी शास्त्रात एक अक्षरही नाही. पुढे यहोशाफाट राजाने पुन्हा गलबते बांधविली, पण ती एस्योन-गेबेर येथेच फुटली आणि ओफीरचा रस्ता बंद झाला.

ओफीर ही नुसती कल्पना नव्हती याचा एक पुरावा मात्र आपल्या इस्राएलमधील बांधवांच्या घराजवळच सापडला आहे. तेल अवीवच्या उत्तरेस यार्कोन नदीकाठी तेल कसिले नावाची टेकडी आहे. तेथे १९४६ मध्ये मडक्याचे एक खापर मिळाले. ते इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचे आहे असे लिपीवरून ठरले. त्यावर ओफीरचे सोने, बेथ-होरोनसाठी, तीस शेकेल, अशा अर्थाची नोंद आहे. एखाद्या व्यापाऱ्याने अगर कारकुनाने केलेली ही साधी नोंद आहे. तिच्यावरून एवढे निश्चित होते की, त्या काळी "ओफीरचे सोने" हा बाजारात चालणारा शब्द होता. परंतु ते सोने कोठून आले हे खापरही सांगत नाही.

अशा रीतीने एक नाव शिल्लक राहिले आणि ठिकाण हरवले. मग शेकडो वर्षे पंडितांनी आणि दर्यावर्दींनी ते ठिकाण शोधले. कोणी अरबस्तान म्हटले, कोणी पूर्व आफ्रिका, कोणी मलायाचा किनारा, तर कोणी हिंदुस्थान. कोलंबसालादेखील आपण ओफीरच्या जवळ पोहोचलो असे वाटले होते.

या शोधाला खरे उधाण आले ते एकोणिसाव्या शतकात. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात ग्रेट झिंबाब्वे येथील प्रचंड दगडी अवशेषांपाशी जाऊन पोहोचला. चुना न वापरता रचलेल्या त्या उंच भिंती पाहून तो थक्क झाला. तेथील दाराच्या तुळईचा एक तुकडा त्याने कापला. त्याचा वास आपल्या शिसपेन्सिलीच्या लाकडासारखा आहे, म्हणजे हे गंधसरूचे लाकूड आहे, म्हणजे ते लबानोनहून आले, म्हणजे ही इमारत शबाच्या राणीची, अशी त्याने साखळी जुळविली! प्रत्यक्षात ते त्याच प्रदेशातील झाडाचे लाकूड होते. पण बातमी युरोपात पसरली आणि ओफीर सापडले असा गाजावाजा झाला.

याच वातावरणात १८८५ मध्ये लंडनला एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव "किंग सॉलोमन्स माइन्स", आणि लेखक हेन्री रायडर हॅगार्ड. हा गृहस्थ १८७५ पासून काही वर्षे दक्षिण आफ्रिकेत सरकारी नोकरीत होता. अ‍ॅलन क्वाटरमेन नावाचा शिकारी, त्याचे दोन इंग्रज सोबती, एका पोर्तुगीजाने मरताना काढलेला जुना नकाशा, वाळवंट, बर्फाच्छादित डोंगर आणि शेवटी शलोमो राजाच्या हिऱ्यांची गुहा, असा तिचा थाट आहे. पुस्तक हातोहात खपले. त्यानंतर "शी" या कादंबरीत हॅगार्डने कोर नावाचे एक हरवलेले प्राचीन शहर रंगविले. पुढे १९०० च्या सुमारास "एलिसा" या कथेत त्याने थेट झिंबाब्वेच घेतले आणि तेथे शलोमोच्या घराण्यातील एक राजपुत्र आणून बसविला. हरवलेले शहर, जुना नकाशा आणि गुप्त खजिना या मसाल्यावर आजही कितीतरी कादंबऱ्या आणि चित्रपट निघतात. त्यांचे मूळ पुष्कळसे हॅगार्डच्या लेखणीत आहे.

कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी, त्यात वावगे काही नाही. परंतु पुढे जे घडले ते वाईट घडले. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने तो मुलुख घेतला तेव्हा शलोमो, शबाची राणी आणि फिनिशियन लोक यांची ही कथा त्यांना फार सोयीची झाली. काळ्या लोकांच्या हातून असे बांधकाम होणे शक्यच नाही, पूर्वी येथे बाहेरचे गोरे लोक राज्य करीत होते, तेव्हा आम्ही आलो हे योग्यच झाले, असा त्यातून अर्थ काढण्यात आला. १८९५ मध्ये तर जुन्या अवशेषांतून सोने उकरण्यासाठी एक कंपनीच स्थापन झाली. त्यानंतर रिचर्ड हॉल नावाच्या अधिकाऱ्याने "नंतरच्या काळ्या लोकांचा कचरा" म्हणून मातीचे थर उपसून फेकून दिले. ज्या थरांत खरा इतिहास होता तेच थर गेले.

१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या विदुषीने पद्धतशीर खोदकाम करून दाखवून दिले की, हे बांधकाम तेथील आफ्रिकन लोकांचेच आहे. आज सर्व विद्वान मानतात की, शोना लोकांच्या पूर्वजांनी इ.स. अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ते उभारले. म्हणजे शलोमो राजानंतर दोन हजार वर्षांनी! तरीही १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या सरकारला हे सत्य रुचले नाही. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी याच दगडी शहराचे नाव देशाला दिले. एका खोट्या कथेमुळे एका लोकसमूहाला आपल्या वाडवडिलांच्या हातचे काम आपले म्हणावयास शंभर वर्षे झगडावे लागले. त्या कथेत नाव मात्र आपल्या शलोमो राजाचे वापरले गेले, हे आपण विसरू नये.

आता आपल्या सोपाऱ्याकडे वळू. वसई तालुक्यातील नालासोपारा हे आज लोकल गाडीचे एक गजबजलेले स्टेशन आहे. परंतु याचे जुने नाव शूर्पारक. महाभारतात त्याचा उल्लेख आहे, बौद्ध कथांत तेथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची आणि एका आंधळ्या पण कसबी तांडेलाची गोष्ट आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात तेथे धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली, तीत सुप्पारा, कल्याण आणि सेमिल्ला म्हणजे आपले चौल, ही तिन्ही बंदरे ओळीने आली आहेत.

हे हरवलेले शहर पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्याकडे जाते. जुनागढमध्ये १८३९ साली जन्मलेल्या या विद्वानाने मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांच्यासाठी हिंदुस्थानभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले होते. १८८२ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी सोपाऱ्याजवळ "बुरूड राजाचा कोट" या नावाने ओळखली जाणारी टेकडी खोदविली. गावकऱ्यांच्या समजुतीने तो कोणा बुरूड राजाचा किल्ला होता. आत निघाला तो विटांचा बौद्ध स्तूप! मध्यभागी एक मोठी गोल दगडी पेटी होती. तीत ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती वर्तुळाकार मांडलेल्या होत्या आणि मधोमध तांब्याचा करंडक होता. तांब्यात रुप्याचा, रुप्यात दगडाचा, दगडात स्फटिकाचा आणि स्फटिकात सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे १३ लहान तुकडे जपून ठेविले होते. सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णी राजाचे एक रुप्याचे नाणेही मिळाले. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला.

हॅगार्डच्या पुस्तकाच्या अवघी तीन वर्षे आधी, नकाशा आणि खजिना यांच्या गाजावाज्याविना, एका देशी पंडिताने खरोखरीचे प्राचीन शहर शोधून काढले. सोन्याच्या करंडकात शेवटी मातीची खापरे निघाली, पण इतिहासाच्या दृष्टीने ती सोन्याहून मोलाची ठरली.

मग सोपारा म्हणजे ओफीर आहे काय? तसे मानणाऱ्यांची बाजू अशी आहे. यहुदी पंडितांनी अलेक्झांड्रिया येथे शास्त्राचे ग्रीक भाषांतर केले, त्यात ओफीरऐवजी "सोफीर" अशा धर्तीचे नाव आहे. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने हा देश हिंदुस्थानकडे आहे असे लिहिले. इजिप्तमधील कॉप्टिक भाषेत सोफीर हे हिंदुस्थानचेच नाव होते. शिवाय वानराला हिब्रूत "कोफ" म्हणतात आणि संस्कृतात "कपी". मोराचा जुना हिब्रू शब्द "तुक्की" हा तमिळ "तोगै" शब्दाशी जुळतो असेही सांगतात.

उलट बाजू अशी आहे. हिब्रू नावाच्या आरंभी आलेफ आहे, "स" नाही. शूर्पारक हे जुने रूप घेतले तर ओफीरशी त्याचे साम्य आणखी कमी होते. बरेशीथच्या दहाव्या अध्यायात ओफीर हा योक्तानचा पुत्र म्हणून शबा आणि हवीला यांच्या जोडीने येतो, आणि ती नावे अरबस्तानाकडची आहेत. वानर आणि मोर यांचे जे शब्द आहेत त्यांचे मूळ जुन्या इजिप्शियन भाषेत आहे असे काही विद्वान दाखवितात, आणि ती यादी तार्शीशच्या गलबतांची आहे, ओफीरची नव्हे. सर्वांत मोठी अडचण काळाची. सोपाऱ्याचा जो पक्का लेखी पुरावा हाती आहे तो अशोकाच्या काळापासूनचा, म्हणजे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाचा आहे. शलोमो राजा इ.स.पूर्व दहाव्या शतकातला. मध्ये सातशे वर्षांचे अंतर पडते. ग्रीक भाषांतर त्याच तिसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झाले. तेव्हा हिंदुस्थानचा व्यापार डोळ्यांपुढे असलेल्या त्या पंडितांनी ऐकीव नावाचा आधार घेऊन "सोफीर" लिहिले असावे, असे मानणे अधिक सरळ वाटते.

नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे, आणि नाव हा खरा पुरावा केव्हा ठरतो, हे समजण्यास आयर्लंडमधील लिक्सलिप गावाचे उदाहरण फार उपयोगी आहे. डब्लिनच्या पश्चिमेस लिफी आणि राय या नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. आर्थर गिनेसने आपली पहिली दारूभट्टी येथेच काढली आणि १७५९ मध्ये तो डब्लिनला गेला. १९८९ मध्ये इंटेल कंपनीने हे ठिकाण निवडल्यापासून दूरदूरच्या देशांतील माणसे येथे कामाला येऊ लागली. त्यात आपल्याकडची मराठी बोलणारी कुटुंबेही दिसतात.

लिक्सलिप हा शब्द आयरिश नाही आणि इंग्रजीही नाही. तो व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला आहे, आणि त्याचा अर्थ "सामन माशाची उडी" असा होतो. सामन मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत वर चढतो, तो येथील धबधब्यावरून उड्या मारीत जात असे. आता पाहा, आयरिश भाषेतील गावाच्या नावाचा अर्थही तोच आहे. लॅटिनमध्येही उडीसाठी जो शब्द, त्यावरून या परगण्याला "सॉल्ट" हे नाव पडले. तीन भाषांत एकच अर्थ, तो अर्थ जागेशी जुळणारा, आणि त्या भाषा बोलणारे लोक त्या काळी तेथे होते याला स्वतंत्र पुरावा. व्हायकिंगांचे डब्लिन हे शहरही असेच जमिनीखाली हरवले होते. १९७४ पासून वुड की येथे झालेल्या खोदकामात त्याच्या घरांच्या आणि रस्त्यांच्या खुणा निघाल्या. ते वाचविण्यासाठी १९७८ मध्ये हजारो लोकांनी मोर्चा काढला, तरीही त्या जागेवर शेवटी महापालिकेची कचेरी उभी राहिलीच.

लिक्सलिपचा तो धबधबादेखील आज दिसत नाही. १९४० नंतरच्या दशकात विजेसाठी धरण बांधले गेले आणि धबधबा पाण्याखाली गेला. नाव मात्र राहिले. उद्या कोणी धबधब्याच्या अस्तित्वाविषयी शंका घेतली, तर गावाचे नाव साक्ष देईल.

ही कसोटी आपण ओफीर आणि सोपारा यांना लावली, तर अर्थ जुळत नाही, काळ जुळत नाही, आणि त्या काळी इस्राएलचे लोक तेथे आल्याचा स्वतंत्र पुरावाही नाही. इस्राएलमध्येसुद्धा असाच अनुभव आला. नेल्सन ग्लूक यांनी १९३८ ते १९४० मध्ये एलातजवळील तेल-एल-खेलेफे खोदून ते शलोमोचे एस्योन-गेबेर असल्याचे जाहीर केले. पुढे तेथील भांड्यांचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा वस्ती पुष्कळ नंतरची ठरली.

मग आपल्या समाजाला शलोमोच्या गलबतांची इतकी ओढ का वाटली? याचे कारण आपल्या इतिहासातच आहे. आपले यहुदीपण सिद्ध करण्याची पाळी आपल्यावर पुन्हा पुन्हा आली. इस्राएलमध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांत आपल्या मुलामुलींच्या विवाहाबाबत धर्माधिकाऱ्यांनी चौकशीच्या अटी घातल्या, आणि १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर आपल्या माणसांना धरणे धरावे लागले, तेव्हा कोठे क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असे निःसंदिग्धपणे म्हटले. अशा वेळी "आम्ही शलोमो राजाच्या काळापासूनचे" असे म्हणावेसे वाटले तर त्यात नवल नाही. परंतु ज्या घराण्याने पिढ्यानपिढ्या शब्बाथ पाळला, सुंता केली, शेमा म्हटला, त्याला आपल्या हक्कासाठी सोन्याच्या गलबताची गरज नव्हती आणि आजही नाही.

हाईम शमुवेल केहिमकर यांनी आपला इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी जी परंपरा नोंदविली तीत राजवैभव नाही. खांदेरी-उंदेरीजवळ एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली गेली, आणि वाचलेल्यांनी तेलाचा घाणा चालवून पोट भरले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही परंपरा नक्की कोणत्या शतकातली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात आपल्या समाजात यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश स्पष्टपणे आढळला. आजीच्या तोंडची गोष्ट आणि प्रयोगशाळा या दोघी निदान एवढ्यावर एकमत आहेत की, आपण समुद्रापलीकडून आलो आणि कोकणचे झालो.

शिवाय आपल्याजवळ लिक्सलिपसारखाच एक पुरावा आहे, आणि तो आपण रोज सहीत लिहितो. केहिमकर म्हणजे किहीमचे, नवगावकर म्हणजे नवगावचे, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर ही सर्व नावे अलिबाग, पेण, रोहे, श्रीवर्धन या टापूतील गावांची आहेत. या गावांतून आपली वस्ती जवळजवळ उठून गेली. कित्येक ठिकाणी इस्राएल आळी हे नाव आहे, पण तेथे इस्राएलचे घर नाही. एखाद्या गावात आपली कबरस्ताने तेवढी उरली आहेत. धबधबा पाण्याखाली गेला, नाव राहिले, तशीच ही स्थिती आहे.

आता परदेशी वाढणाऱ्या मुलांना हे "कर" लांबलचक वाटते. लोदला, अश्दोदला, लंडनला कित्येकांनी ते गाळून वडिलांचे अगर आजोबांचे नाव लाविले, कोणी सोपे हिब्रू नाव घेतले. ज्याला जे सोयीचे ते त्याने करावे. परंतु नाव गाळण्यापूर्वी निदान एक कागद घ्यावा आणि त्यावर आपले मूळ आडनाव, ते गाव, त्या गावातील आपली आळी, घाणा कोठे होता, कबरस्तान कोठे आहे, मलिदा कोणत्या दिवशी होत असे, आणि हे सर्व कोणी सांगितले त्यांचे नाव, एवढे मराठीत लिहून ठेवावे. ग्रेट झिंबाब्वेचे मातीचे थर एकदा फेकले गेले ते पुन्हा मिळाले नाहीत. आपल्या घरातील वृद्ध माणसे हे आपले थर आहेत.

ओफीर कोठे होते हे ठरविण्याचे काम विद्वान करीत राहतील, आणि एखाद्या खोदकामात उद्या नवा पुरावा निघालाच तर तो आपण आनंदाने वाचू. किहीम आणि नवगाव कोठे होते हे सांगण्याचे काम मात्र आपल्यावाचून कोणी करणार नाही.